शोचं बटण

एसीवाला मुलगा शिडीवर उभा होता आणि मी खाली. फॉल्स सीलिंगचा एक चौकोन सरकवून त्यानं डोकं आत घातलं होतं, त्यामुळे त्याचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं ऐकू येत होतं. मी त्याला सांगत होते, की कर्जविभागातल्या खांबावरचा थर्मोस्टॅट बिघडलाय. बायका सव्वीसवर नेतात तरी गारठा हटत नाही. त्यानं डोकं बाहेर काढलं, खांबावरच्या त्या पांढऱ्या डबीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, ते शोचं आहे."

"शोचं म्हणजे?"

"वायरच जोडलेली नाही त्याला. आत सेल आहे, आकडा तेवढा बदलतो. सेटिंग सगळं खाली प्लांटरूममधून होतं."

तेव्हा मी पुण्यात एका सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत प्रशासन बघत होते. बँकेचं नाव सांगत नाही. दिवाळीचा फराळ अजून तिथल्याच मैत्रिणींकडून येतो. नव्या इमारतीत येऊन आम्हाला वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षात खांबावरच्या डबीवरून कर्जविभागात दोन तट पडले होते. एकवीसवाले आणि सव्वीसवाल्या. एकवीसवाले डबा खायला गेले की सव्वीसवाल्या उठायच्या, सव्वीसवाल्या चहाला गेल्या की एकवीसवाले. शेवटी मी माझ्या सहीनं परिपत्रक काढलं, की आपापल्या भागातलं तापमान कर्मचाऱ्यांनी सामंजस्याने ठरवावे. वर्षभर पन्नासेक माणसं सेलवर चालणाऱ्या एका आकड्यासाठी भांडत होती आणि त्यांचं भांडण मी मिटवत होते.

शिडीवरचा मुलगा हसत होता. पुढे मला कळलं, की हे काही आमच्याच कंत्राटदाराचं डोकं नव्हे. अमेरिकेतल्या कितीतरी कचेऱ्यांत अशा न जोडलेल्या डब्या भिंतीवर लावलेल्या असतात, केवळ तक्रारी थांबाव्यात म्हणून. आणि बरेचदा त्या थांबतातही.

कामाच्या जागेचा आणि माणसाच्या समाधानाचा संबंध काय, असं मला कुणी विचारलं तर मी या डबीपासून सुरुवात करते. पण ती डबी समजायला आधी पंखा समजावा लागतो, आणि तो वाईच्या शाखेत होता.

१९८९ साली मी क्लार्क म्हणून लागले ती वाईत. एका जुन्या वाड्याचा पुढचा भाग भाड्यानं घेऊन बँकेनं शाखा थाटली होती. वर तुळया, मध्ये सागवानी काउंटर, डाव्या हाताला जाळीचा पिंजरा, त्यात कॅशियरकाका. आम्ही पाच टेबलं आणि डोक्यावर दोन पंखे, तेही लांब दांडीचे. त्यांचा काळा रेग्युलेटर भिंतीवर होता, गोल मुठीचा, कट् कट् करत फिरणारा. तिसऱ्या आकड्यापर्यंत व्हाउचरं पेपरवेटचं ऐकायची. चौथ्यावर काउंटरवरची स्लिप उडून गिऱ्हाइकाच्या पायाशी जायची. पाचवर लेजरचं पान आपोआप उलटायचं आणि पोस्टिंग भलत्याच खात्यात व्हायची भीती. कॅशियरकाकांना तर पंखा चालतच नसे. नोटा मोजताना वारा नको. मे महिन्यात त्यांनी पिंजऱ्यात पायाशी एक टेबलफॅन ठेवला होता, वारा फक्त पोटऱ्यांना लागेल असा तिरका करून.

दिवसभर त्या रेग्युलेटरची देवाणघेवाण चालायची. सकाळी गर्दीत दोन. बारानंतर कुणीतरी म्हणायचं, "मामा, जरा तीन करा." शिपाईमामा करायचे. मला सर्दी असली की मी उठून परत दोन करायचे, आणि पलीकडच्या टेबलावरून एक कुत्सित खाकरणं यायचं. दोन वाजता दार लागलं, की डबे उघडताना पाच. शाखाधिकारी उकाड्यानं कासावीस झाले तरी रेग्युलेटर त्यांच्या एकट्याचा नव्हता, कारण तो त्यांच्या खुर्चीपासून आणि माझ्या खुर्चीपासून सारखाच लांब होता. ही कुणाची योजना नव्हती. वायरमनला तिथे खुंटी सापडली एवढंच.

आता यावर "जुनं ते सोनं" म्हणून मान डोलवू नका. त्या शाखेत बायकांसाठी संडास नव्हता. पुरुष मागच्या बोळात जायचे. मी आणि दुसरी एक क्लार्क, आम्ही दोघी वाडामालकांच्या आजींकडे जायचो. आजी मायेच्या होत्या, पण दिवसातून दुसऱ्यांदा दार वाजवताना माझाच हात आखडायचा. म्हणून सकाळी निघताना पाणी पीत नव्हते, चहा अर्धा घेत होते. दोन वर्षांत मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गानं तीनदा आजारी पडले. रजेच्या अर्जावर "ताप" लिहिलं.

हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ साली पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून एक सिद्धांत मांडला होता. कामाची जागा, पगार, साहेबाचं वागणं या गोष्टी वाईट असल्या तर माणूस नाराज होतो, पण चांगल्या असल्या म्हणून तो कामावर खूश होतोच असं नाही. खूश तो कामामुळे, कौतुकामुळे, जबाबदारीमुळे होतो. या सिद्धांतावर टीका पुष्कळ झाली. संडासापुरता मात्र तो शंभर टक्के खरा आहे. १९९२ मध्ये मागच्या अंगणात पत्र्याचा का होईना, आमचा संडास झाला. त्यामुळे मला नोकरी आवडायला लागली असं नाही. ती सोडावीशी वाटायचं मात्र बंद झालं.

१९९९ साली बदली होऊन मी पुण्याच्या जुन्या मुख्य कचेरीत आले. तिथं पंख्यापेक्षा खुर्ची मोठी होती. क्लार्कला बिनहाताची, अधिकाऱ्याला हातांची, विभागप्रमुखाला उंच पाठीची, आणि त्याच्याही वरच्याला त्या पाठीवर टर्किश टॉवेल. टॉवेल बदलायचं काम मामांचं, दर सोमवारी. बढतीचं पत्र यायच्या आधी खुर्ची यायची आणि मजल्यावर बातमी फुटायची. आपल्याकडे "खुर्ची" म्हणजे सत्ता हे भाषेतच मुरलेलं आहे, त्यामुळे त्याचं हसू येतं. पण ज्यांना खुर्चीच नाही अशांची आठवण झाली की ते ओसरतं. केरळात कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी दिवसभर उभं ठेवण्याविरुद्ध आंदोलन केलं, तेव्हा कुठे २०१८ साली कामाच्या वेळी बसायचा हक्क तिथल्या कायद्यात आला. तमिळनाडूत तो २०२१ साली आला. साडी घ्यायला जाल तेव्हा काउंटरमागं एखादं स्टूल आहे का, ते बघा.

बाकी त्या जुन्या कचेरीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. अंधारी होती, प्लायवूडच्या पार्टिशनांची होती, जिन्याला कुबट वास होता. पण प्रत्येकाच्या टेबलावर जाड काच होती आणि त्या काचेखाली प्रत्येकाचा संसार. स्वामी समर्थ किंवा गजानन महाराज, पोरांचे शाळेच्या गणवेशातले फोटो, पीएमटीचं वेळापत्रक, व्याजदराचा तक्ता, कुणाच्या तरी वास्तुशांतीची पत्रिका, आणि एका अधिकाऱ्याच्या काचेखाली चक्क सुनील गावसकर. नव्या माणसाला टेबल मिळालं की आधीच्याचे चौकोनी पिवळे डाग दिसायचे आणि तो त्यावर स्वतःचं काही ठेवायचा.

नवी इमारत २०१७ ची. जागा ठरली, वास्तुविशारद ठरले, आणि अंतर्गत रचना समजावून सांगायला एक सल्लागार आले. सूटबूट, लॅपटॉप. त्यांच्या पहिल्याच स्लाइडवर हॉथॉर्नचा कारखाना होता. मॅनेजमेंटच्या प्रत्येक पुस्तकात तो असतो. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनची सामग्री बनवणारा हा कारखाना. १९२४ पासून तिथं दिव्यांचे प्रयोग झाले. उजेड वाढवला, काम वाढलं. उजेड कमी केला, तरी काम घटेना. एका प्रयोगात तर चांदण्याइतक्या उजेडातही कामगार बायकांनी वेग टिकवला. यावरून निष्कर्ष असा निघाला, की उजेडापेक्षा "आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय" ही भावना मोठी. सल्लागारांनी त्याचा अर्थ असा लावला, की जागा थोडी कमी असली तरी चालतं, बदल उत्साहानं करा. खरं तर २०११ सालीच लेव्हिट आणि लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी, हरवले असं समजले जाणारे दिव्यांच्या प्रयोगांचे मूळ आकडे शोधून पुन्हा तपासले. ती गाजलेली गोष्ट त्यांत फारशी दिसली नाही. आमच्या बैठकीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी समितीची सदस्य-सचिव होते आणि नकाशाच्या प्रत्येक पानावर माझी सही आहे.

नकाशा देखणा होता. एकच मोठा हॉल, पार्टिशन कमरेपर्यंत, पश्चिमेला छतापासून जमिनीपर्यंत काच. साहेबांच्या केबिनी सोडून बाकी सगळे एका पातळीवर, "म्हणजे संवाद वाढेल". उत्तरेच्या कोपऱ्यात "कोलॅबोरेशन झोन" नावाची खोली, तिच्यात लाल-पिवळ्या बीनबॅग. एकाही बाईला विचारलेलं नव्हतं. आमच्याकडे निम्म्या बायका साडीतल्या. बीनबॅगमध्ये साडी नेसून बसता येतं, उठता येत नाही. उद्घाटनाच्या दिवशी ठेवविभागातल्या एका बाईंना उठवायला दोन माणसं लागली. त्यानंतर तिथं कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. पंचावन्नच्या पुढच्या अधिकाऱ्यांच्या गुडघ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

या उघड्या हॉलची कल्पना पैसे वाचवणाऱ्यांच्या डोक्यातून निघाली असेल असं मला वाटायचं. तसं नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस हॅम्बुर्गजवळच्या श्नेले बंधूंनी कचेरीतल्या भिंती पाडल्या त्या साहेब-कारकून हा भेद कमी व्हावा, कागद आणि माणसं जिथं जातात तशी टेबलं मांडावीत म्हणून. अमेरिकेत हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट यानं १९६८ साली हलवता येणाऱ्या पडद्या-फळ्यांची रचना बाजारात आणली. माणसानं वाटेल तेव्हा उभं राहून काम करावं, फळी वरखाली करावी, थोडा आडोसा आणि थोडं मोकळं असं स्वतःच ठरवावं, ही त्याची इच्छा. त्याचे पडदे १२० अंशांत उघडलेले होते, पंख पसरल्यासारखे. कंपन्यांनी विकत घेतले आणि जास्त माणसं मावावीत म्हणून कोन ९० अंशांवर आणला. त्याचं क्यूबिकल झालं. प्रॉप्स्ट म्हातारपणी त्यावर मनस्वी चिडलेला असे. मला त्या माणसाबद्दल फार वाटतं. त्यानं दिलेलं सगळं त्यांनी घेतलं, फक्त "स्वतःच ठरवावं" तेवढं सोडून.

आमच्या हॉलमध्ये संवाद वाढला का? पहिले पंधरा दिवस वाढला. मग लोकांनी कानात बोंडं घातली. जुन्या कचेरीत दोन मजले चढून जाऊन "अहो, ती फाइल" म्हणणारी माणसं आता चार हातांवरून ईमेल करू लागली, कारण बोललं की चाळीस माना वळतात. मला वाटलं, हे आमच्याच पुणेरीपणामुळे असेल. पण २०१८ साली हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांचा अभ्यास आला. दोन मोठ्या अमेरिकन कंपन्या बंदिस्त जागेतून उघड्या जागेत जाताना त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गळ्यात यंत्रं अडकवून प्रत्यक्ष भेटीगाठी मोजल्या. त्या सुमारे ७० टक्क्यांनी घटल्या. ईमेल आणि मेसेज वाढले.

वसुली विभागाचं दुखणं त्याहून मोठं. थकीत कर्जदाराला फोन करायचा म्हणजे त्याचं नाव, रक्कम, कधीकधी घरातलं आजारपण, दारू, सगळं तोंडातून निघतं. पूर्वी हे फोन पार्टिशनच्या आत व्हायचे. आता अख्ख्या हॉलला कळायचं. एक तरुण अधिकारी फोन घेऊन जिन्यात जायचा, पावसाळ्यातसुद्धा. मी त्याला जागेवर नसल्याबद्दल एकदा हटकलं. तो म्हणाला, "मॅडम, माझ्या बाबांच्या मित्राचं खातं आहे. तिथे बसून कसं बोलू?" मी काही बोलले नाही.

सिडनी विद्यापीठातल्या किम आणि दी डिअर यांनी २०१३ साली ३०० हून अधिक कार्यालयीन इमारतींतल्या ४२ हजारांहून जास्त लोकांची उत्तरं तपासली. उघड्या हॉलमध्ये बसणाऱ्यांची सर्वांत मोठी कुरकूर कशाची होती? आवाजाची, आणि नुसता गोंगाट नव्हे, तर दुसऱ्याचं बोलणं आपल्याला ऐकू येतं आणि आपलं दुसऱ्याला, याची. उघड्या जागेमुळे बोलणं सोपं होतं हा फायदा या तोट्याची भरपाई करत नाही, असं त्यांनी लिहिलंय. कान मिटता येत नाहीत, त्याला काय करणार? प्रिंटरची घरघर थोड्या वेळानं ऐकू येईनाशी होते, पण शेजारची दोघं मुलीच्या स्थळाबद्दल बोलत असतील तर आकड्यांची बेरीज चुकतेच. शब्द कळले की मन तिकडे जातं.

आता पुन्हा गारठ्याकडे. माझ्या तक्रारवहीची निम्मी पानं एसीनं भरली होती, आणि गंमत म्हणजे एकाच दिवशी, एकाच हॉलमधून "फार थंड" आणि "फार गरम" अशा दोन्ही तक्रारी. आमचे एक साहेब म्हणायचे, लोकांना नाटकं करायला हवीत. मग मी प्लांटरूमवाल्याचा तापमापक घेऊन दुपारी साडेतीनला हॉलभर हिंडले. पश्चिमेच्या काचेजवळ २३, मध्ये २३, डक्टखाली २२. म्हणजे साहेबांचंच खरं? मी काचेशेजारच्या मुलाच्या खुर्चीवर जाऊन बसले. पाच मिनिटांत उजवा गाल भाजायला लागला. हवा २३ची होती. काच तापलेली होती आणि तिची धग थेट अंगावर येत होती. चुलीपुढे बसणाऱ्याला हे कुणी शिकवायला नको.

डेन्मार्कच्या ओले फांगर यांनी १९७०च्या सुमारास हे सूत्रात बसवलं. माणसाला बरं वाटणं सहा गोष्टींवर ठरतं: हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांची धग, दमटपणा, वारा, अंगावरचे कपडे आणि शरीर किती राबतंय ते. तापमापक यांतली एकच सांगतो. शिवाय सूत्रात "शरीर" कुणाचं, हाही प्रश्न आहेच. नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी २०१५ साली दाखवलं, की इमारतींचे मानक आकडे सुमारे ४० वर्षांच्या, ७० किलोच्या पुरुषावर बेतलेले आहेत आणि बायकांच्या शरीरातून निघणारी उष्णता ते ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरतात. त्यांनी प्रत्यक्ष मोजणी केली ती अवघ्या १६ तरुणींवर, तेव्हा तो आकडा कोरीव अक्षरात लिहू नये. पण मे महिन्यात शाल पांघरून बसलेल्या सव्वीसवाल्यांना मी तो वाचून दाखवला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि आपलं शरीर तर आणखीच वेगळं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि शिमला इथल्या कचेऱ्यांत हजारो माणसांना विचारून भारतासाठी वेगळं मोजमाप तयार केलं. खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतीत, बाहेर उन्हाळा असेल तेव्हा, इथली माणसं २८ अंशांच्या आसपासही सुखात असतात असं त्यांत निघालं. म्हणजे ज्या २२-२३ अंशांसाठी आम्ही विजेचं बिल भरत होतो ते आमच्यातल्या बऱ्याच जणांना नकोच होते. २०२० पासून आपल्याकडे नवे घरगुती एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतात. केंद्रीय एसीच्या प्लांटरूममध्ये मात्र ज्याच्या हातात किल्ली त्याचं राज्य. वारा हलता असेल तर माणसाला दोन-तीन अंशांनी गार वाटतं हेही सर्वमान्य आहे. आणि आम्ही नव्या इमारतीत एकही पंखा लावला नव्हता. फॉल्स सीलिंगला शोभत नाही म्हणून.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त कळलं ते एका गोंगाटाच्या प्रयोगातून. १९७०च्या सुमाराला डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक ध्वनिफीत ऐकवत कामाला बसवलं. फितीत काय होतं ऐका: दोघं स्पॅनिश बोलतायत, एक आर्मेनियन बोलतोय, शेजारी टाइपरायटर, हिशेबाचं यंत्र आणि चक्रमुद्रण यंत्र. म्हणजे हुबेहूब आमचा मार्चएंड. निम्म्या लोकांसमोर एक बटण होतं. अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल. शक्यतो दाबू नका. जवळजवळ कुणीच दाबलं नाही. म्हणजे दोन्ही गटांनी सारखाच आवाज, सारखाच वेळ सोसला. पण नंतर शांततेत दिलेल्या कामात बटणवाल्यांनी मुद्रितशोधनात कमी चुका केल्या आणि न सुटणारी कोडी कितीतरी जास्त चिकाटीनं सोडवत राहिले. बटण हाताशी आहे एवढ्यानं त्यांचा जीव कमी शिणला होता.

वाईचा रेग्युलेटर मला तेव्हा समजला. पंखा तिथंही कधी मला हव्या त्या आकड्यावर नव्हता. पण मी उठू शकत होते.

आणि खांबावरची डबीसुद्धा समजली. ती वर्षभर खरंच उपयोगी पडली होती, जोवर कुणाला माहीत नव्हतं तोवर. एसीवाला मुलगा शिडी घडी करत होता तेव्हा मी क्षणभर विचार केला, की याला गप्प राहायला सांगावं. पण त्या दिवशी सव्वीसवाल्यांपैकी एक बाई मागेच उभ्या होत्या. चारच्या चहापर्यंत सगळ्या मजल्याला कळलं. त्यानंतरचे दोन महिने माझ्या नोकरीतले सर्वांत वाईट. लोक गारठ्यापेक्षा फसवणुकीनं जास्त चिडले होते, आणि परिपत्रकावर माझी सही होती. एकानं त्या डबीवर झेंडूची माळ घातली.

मग आम्ही काय केलं ते सांगते. त्यात फार मोठं काही नाही. हॉलचे चार भाग करून खऱ्या वायरीचे चार थर्मोस्टॅट बसवले, पण २३ ते २७ च्या मध्येच फिरणारे. भिंतीवर पंखे लावले, प्रत्येकाची दोरी जवळच्या माणसाच्या हाताला येईल असे. सीलिंगला शोभले नाहीत. धूर जाण्यासाठी ठेवलेल्या उत्तरेच्या सहा खिडक्यांना कुलूप होतं, त्यांच्या किल्ल्या सुरक्षारक्षकाकडून घेऊन विभागांना दिल्या, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळी साडेअकरापर्यंत एसी बंदच ठेवायला लागलो. पश्चिमेच्या काचेला बाहेरून आडव्या पट्ट्या हव्या होत्या, कारण ऊन काचेच्या आत शिरल्यावर पडदा ओढून उपयोग थोडाच. त्याला मंजुरी मिळाली नाही. वसुलीसाठी भांडारातल्या दोन खोल्या रिकाम्या करून फोनसाठी दिल्या. जिन्यात जाणारा मुलगा आत आला.

आणि काच. नव्या इमारतीत टेबलावर वैयक्तिक वस्तू ठेवू नयेत असं परिपत्रक होतं, अर्थात माझ्याच सहीचं. इंग्लंडच्या एक्झेटर विद्यापीठात नाइट आणि हॅसलम यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास माझ्या वाचनात आला. एका खोलीत नुसतं टेबल-खुर्ची. दुसरीत झाडं आणि चित्रं लावून दिलेली. तिथं काम सुमारे १७ टक्क्यांनी जास्त झालं. तिसरीत झाडं-चित्रं माणसाला दिली आणि सांगितलं, तुम्हाला हवी तशी मांडा. तिथं सुमारे ३२ टक्के. चौथ्या वेळी माणसानं हौसेनं मांडलं, आणि प्रयोग करणाऱ्यानं येऊन त्याच्यासमोर ते सगळं उचलून पुन्हा आपल्या मनासारखं लावलं. तिथं सगळी वाढ गेली. हे चौथं वाचताना माझा चेहरा कसा झाला असेल ते आरशात बघायची सोय नव्हती. मी संचालकांकडे गेले आणि परिपत्रक मागं घेतलं. रविवार पेठेतल्या काचवाल्याकडून टेबलांच्या मापाच्या काचा कापून आणल्या, कडा घासून. दुसऱ्या दिवशी स्वामी समर्थ आले, पोरांचे फोटो आले. गावसकरवाले निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी विराट कोहली आला.

लोक सुखी झाले का, हे मी मोजलं नाही. पगार तेवढाच राहिला, बढत्या रखडल्या होत्या त्या रखडल्याच, एक साहेब ओरडायचे ते ओरडतच राहिले. चार पंखे आणि काच यांनी ते बदलत नाही. तक्रारवहीत एसीची पानं कमी झाली, एवढं मी सांगू शकते. पुढे वहीत पार्किंगच्या तक्रारी वाढल्या.

२०२४ मध्ये मी निवृत्त झाले. मागच्या पावसाळ्यात एका मैत्रिणीला भेटायला कचेरीत गेले होते. भिंतीवरचे पंखे वेगवेगळ्या वेगानं फिरत होते, दिसायला अगदी गबाळे. कोलॅबोरेशन झोनच्या दारावरची पाटी तशीच आहे. आत बीनबॅगवर उघड्या छत्र्या वाळत होत्या.